आसेगावचा डायनासोर

तौसीफने फोन टेबलावर आडवा ठेवला आणि दोन बोटांनी फोटोतल्या डायनासोरची मान मोठी केली. मग आणखी मोठी केली. मानेवर बसलेला नाकतोडा आता पडदाभर झाला. त्याच्या मागच्या पायाची सावली कातडीच्या घडीत उतरली होती, घडीबरोबर वाकली होती आणि पलीकडे जाऊन पुन्हा सरळ झाली होती.

"हे हाताचं काम नाही," तो म्हणाला.

त्याची बायको नमरा मशीनमधून बाहेर येणारा फ्लेक्स गुंडाळत होती. मंगरूळपीरच्या बाजारातल्या त्यांच्या दुकानात सकाळपासून एकच काम चाललं होतं, कुणाच्या तरी नातवाच्या पहिल्या वाढदिवसाचं. तिने मान वळवून फोनकडे पाहिलं.

"सावली अच्छी तो है."

"तेच तं. इतकी खरी सावली कोन काढते?"

"इतना शक कायको करते जी?" नमरा म्हणाली आणि गुंडाळीला दोरी बांधू लागली.

'कातरकाम' हा त्यांचा फोनवरचा ग्रूप होता. जिल्ह्यातले फ्लेक्सवाले, फोटो स्टुडिओवाले आणि काही नुसतेच हौशी. दर आठवड्याला एक विषय ठरायचा. फोटो स्वतः काढलेला हवा आणि त्यात बाहेरचं काहीतरी असं चिकटवायचं, की पाहणारा आधी हसला पाहिजे आणि मग जोड कुठे आहे ते शोधत बसला पाहिजे. नंतर सगळे मिळून त्या फोटोची चिरफाड करायचे. बक्षीस काही नव्हतं. ज्याचा फोटो सगळ्यांना आवडेल, त्याचा फोटो आठवडाभर ग्रूपच्या नावापुढे लागायचा, एवढंच.

एआय वापरायचं नाही हा नियम तौसीफने घातला होता. दुकानात येणारी गिऱ्हाइकं हल्ली फोनमध्ये चित्र तयार करूनच आणत आणि म्हणत, फक्त छापून द्या. केसांच्या कडा न तुटता माणूस कापून काढण्यात त्याची उमेदीची वर्षं गेली होती. ते कौतुकाने पाहणारी माणसं आता या ग्रूपमध्येच उरली होती.

या खेपेचा विषय डायनासोर होता आणि तो इतका रंगला, की आठवड्यावर थांबलाच नाही. मानोऱ्याच्या रतनसिंगने वाढदिवसाच्या फ्लेक्सवर काळा चष्मा लावलेला डायनासोर बसवला आणि खाली 'भावी सदस्य' लिहिलं. त्याचे इवलेसे हात हारापर्यंत पोचत नव्हते. तौसीफने लिहिलं, चष्म्यात मागचं आभाळ दिसते, पुढचे कार्यकर्ते दिसाले पायजेत. रतनसिंगने हात जोडले आणि तासाभरात कार्यकर्ते बसवून दिले. कारंज्याच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या निकिताने एक लांब मानेचा डायनासोर पाण्याच्या टाकीला तोंड लावून उभा केला. टाकी रिकामी असल्यामुळे तो रागावलेला दिसत होता. सगळे हसले, आणि मग सगळ्यांनी मिळून तिला सांगितलं की पायाखालचं गवत दबलेलं नाही.

हरीओमचे डायनासोर मात्र वेगळे होते.

ते कुणासारखेच नव्हते. मान वेडीवाकडी, पाठीवर उंचवटा, डोकं एका बाजूला कललेलं. एक सोयाबीनच्या धसकटात उभा राहून मागे वळून पाहत होता. एक डबक्याकाठी आडवा झाला होता. त्यांच्या तोंडावर असा काही अजागळ भाव होता, की पाहताक्षणी हसू फुटायचं. निकिताने विचारलं, ही जात कोणती? हरीओमने लिहिलं, आमच्या आसेगावची. रतनसिंगने लिहिलं, असा डायनासोर आपल्या तालुक्यात नाही. फोटो ग्रूपबाहेर गेला आणि कुठून कुठून फिरून पुन्हा तौसीफकडेच आला.

तौसीफ हसला नव्हता असं नाही. पण हसून झाल्यावर तो पाहत बसला. हरीओम पुण्याला एका खोके छापणाऱ्या कंपनीत होता, तेव्हापासून तो या ग्रूपमध्ये होता. त्या वेळचं त्याचं काम तौसीफला आठवत होतं. कडा फाटलेल्या, उजेड एकीकडचा आणि सावली भलतीकडची. आता तो गावात येऊन राहिला होता, का ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं, आणि अचानक त्याच्या फोटोत जोडच सापडत नव्हता. कातडीवर बारीक वळणदार रेघा होत्या, एकीशेजारी एक, यंत्राने ओढल्यासारख्या. आणि बऱ्याच फोटोंत डायनासोरला तीनच पाय होते. एआयला पाय मोजता येत नाहीत, हे तर आता लहान पोरांनाही ठाऊक होतं.

त्याने नाकतोड्याच्या पायाच्या सावलीभोवती लाल गोल काढला आणि फोटो ग्रूपवर टाकला.

"हरीओम, हे कसं केलं?"

बऱ्याच वेळाने उत्तर आलं. "झालं भाऊ."

"मूळ फोटो टाक. डायनासोर नसलेला."

"तो नाही माह्याजवळ."

"उडवला का?"

निकिताने लिहिलं, जाऊ द्या ना भाऊ, खेळच आहे. रतनसिंगने लिहिलं, खेळ आहे म्हणूनच नियम आहे. मग कुणी काही लिहीना. दुसऱ्या दिवशी ग्रूपवर एकही डायनासोर आला नाही. नमरा जेवताना म्हणाली, एका फोटोसाठी चांगला चाललेला अड्डा बंद पाडलात. तौसीफने भाकरीचा तुकडा मोडला आणि दोन बोटांत धरून ठेवला. मग त्याने हरीओमला एकट्याला लिहिलं, "रविवारी मी आसेगावले येतो."

उत्तर लगेच आलं. "नका येऊ भाऊ."

तेवढ्याने, हे काम यंत्राचंच, अशी त्याची खात्री झाली, आणि रविवारी तो आसेगावच्या बसमध्ये बसला.

*

हरीओम दारातच उभा होता. फोटोवरून वाटला होता त्यापेक्षा उंच आणि वाळलेला. तो हसला, पण दारातून बाजूला झाला नाही.

"आलेच तुमी."

"आलो. पानी तं देशीन?"

तेव्हा कुठे तो हलला. ओसरीवर सतरंजी टाकली, पाणी आणलं. तौसीफने पाणी पिता पिता खोलीत नजर टाकली. कोपऱ्यात सोयाबीनची पोती, खुंटीवर शर्ट, कोनाड्यात औषधाच्या बाटल्या.

"लॅपटॉप कुठं हाय तुहा?"

"कंपनीचा होता. पुण्यालेच देऊन आलो."

"मंग कापतो कायच्यावर?"

हरीओमने तांब्या खाली ठेवला. "फोनवर."

"नाकतोड्याच्या पायाची सावली तू फोनवर काढली?"

मागच्या अंगणातून कुणीतरी खाकरलं. हरीओमने चटकन मागच्या दाराकडे पाहिलं आणि तौसीफने त्याचं ते पाहणं पाहिलं.

"मांगं कोन हाय?"

"बाबा हायत."

तौसीफ उठला. हरीओमने त्याला अडवायला हात थोडा वर केला, मग तसाच खाली सोडला.

मागच्या अंगणात लिंबाच्या सावलीत एक म्हातारा माणूस पोत्यावर बसला होता. डावा हात पाण्याच्या घमेल्यात, उजवा मांडीवर, उपरण्याखाली झाकलेला. समोर काळ्या मातीचा गोळा होता. आणि भिंतीला लागून, फळीवर, ओळीने डायनासोर वाळत होते. वितीएवढे. धसकटात मागे वळून पाहणारा तोही होता. डबक्याकाठी आडवा झालेलाही होता, त्याला कुशीवरच ठेवलं होतं, कारण त्याला उभं राहता येत नव्हतं.

तौसीफ खाली वाकला. कातडीवरच्या त्या बारीक वळणदार रेघा बोटांच्या ठशांच्या होत्या.

"बाबा, हे माहे दोस्त," हरीओम मोठ्याने म्हणाला. "मंगरूळचे. तुमचे बैल पाह्याले आले."

म्हाताऱ्याने मान डोलावली. तौसीफने हरीओमकडे पाहिलं. हरीओमने नजरेनेच विनवलं आणि त्याला दंडाला धरून पुन्हा ओसरीवर आणलं.

तिथे तो हलक्या आवाजात बोलत राहिला. वडिलांचं नाव जगदेव. पोळ्याला गावातल्या घराघरांत पाटावर त्यांच्या हातचे मातीचे बैल असायचे. उन्हाळ्यात उजवं अंग गेलं. पाय सुधारला, हात तसाच राहिला. आई कधीच गेलेली, म्हणून हरीओम नोकरीवर रजा टाकून आला. डॉक्टरने सांगितलं होतं, हाताला काम द्या, माती मळायला लावा.

"पयला बैल केला तवा त्यायनं सोताच त्याच्याकडं पाह्यलं अन् तोंड फिरवलं," हरीओम म्हणाला. "दोन दिवस मातीले हात नाही लावला. त्याच टायमाले आपल्या ग्रूपवर डायनासोर सुरू झाले. म्या गंमत म्हनून धसकटात ठेवून फोटो काढला. निजून, जमिनीले डोकं लावून काढला, म्हनून तो मोठा दिसते. नाकतोडा आपल्या मनानं येऊन बसला."

"म्हंजे जोड नाहीच."

"नाहीच. तुमी म्हनलं ते खरंच होतं भाऊ. ते कातरकाम नाही. नियमात बसत नाही."

"मंग ग्रूपवर सांगाचं नं."

"तुमी जे लिवता ते मी त्यायले वाचून दाखवतो." हरीओम सतरंजीची दशी ओढत होता. "जिथं डायनासोर असते तिथं बैल वाचतो. रतनसिंगनं लिवलं नं, असा डायनासोर आपल्या तालुक्यात नाही? म्या वाचलं, असा बैल आपल्या तालुक्यात नाही. त्या दिवशी त्यायनं दोन भाकरी खाल्ल्या."

तौसीफला हसू आलं आणि ते कुठे ठेवावं कळेना. त्याने उगाच रिकामा पेला उचलून पाहिला.

"अन् माह्यं लिवलेलं? तेबी वाचलं?"

"सावलीचं वाचलं. म्हनलं, मंगरूळचा एक जन म्हनते, सावली लय खरी पडली."

बोलता बोलता त्याने हेही सांगितलं की कंपनीने त्याची जागा दिवाळीपर्यंत धरून ठेवली आहे. तोवर बाबांचा हात थोडा आला, निदान स्वतःच्या हाताने जेवता आलं, तर तो जाईल. नाही तर जागा दुसऱ्याला जाईल. शेजारी राहणारी आत्या गोजराबाई भाकरी देते, पण रोज घास कोण भरवणार? तौसीफ ऐकत होता. माफी कुठल्या शब्दांत मागावी याची तो मनातल्या मनात जुळवाजुळव करत होता.

"बसा बाबांजवळ जरा," हरीओम उठत म्हणाला. "मी आत्याकडून चहा घेऊन येतो."

*

तौसीफ फळीसमोर उकिडवा बसला. आता शंका घ्यावं असं काही उरलं नव्हतं, तरी डोळ्यांची सवय सुटत नव्हती. त्याने एकेक डायनासोर पाहिला. तीन पायांचे, म्हणजे पाय मोडलेले, चार होते. चौघांचाही मागचा डावा पाय गेलेला होता. मान प्रत्येकाची वाकडी होती आणि प्रत्येकाची एकाच जागी, वशिंडाच्या थोडी पुढे.

दुकानात त्याने कामाला ठेवलेल्या माणसांच्या चुका वर्षानुवर्षं काढल्या होत्या. न जमणाऱ्या हाताची चूक दर वेळी नव्या जागी होते. रोज त्याच जागी होते, ती न जमण्याची नसते.

"तूच का तो, सावलीवाला?" जगदेवने विचारलं. शब्द थोडे जड येत होते, पण स्पष्ट होते.

"हो काका."

"हरीओम म्हनते, तुले काहीच पटत नाही."

"काका," तौसीफ म्हणाला, "हा मांगचा पाय दरवेळी हाच मोडते काहून?"

जगदेवने त्याच्याकडे पाहिलं. मग मागच्या दाराकडे पाहिलं, आणि त्यानंतर कुंपणापलीकडच्या गोजराबाईच्या घराकडे. तिथे कुणाचं तरी बोलणं चालू होतं.

त्याने मांडीवरचं उपरणं बाजूला केलं. उजवा हात घमेल्यात बुडवून काढला आणि मातीचा गोळा उचलला. बोटं सावकाश चालत होती, पण थांबत नव्हती. अंगठा मातीत रुतला आणि वशिंड वर आलं. दोन बोटांनी पोटाखालची माती चिमटून घेतली, चार पाय निघाले. शिंगांना तो डाव्या हाताचा आधार देत होता, वळण मात्र उजव्याने देत होता. शेवटी त्याने नखाने डोळे टोचले आणि बैल तळहातावर उभा केला. पोळ्याला कोणत्याही घरी पाटावर मांडावा असा बैल होता तो.

तौसीफने बैलावरची नजर त्या हाताकडे नेली. "कवापासून?"

"झाले बरेच दिवस."

"हरीओमले ठाऊक नाही?"

"हात आला म्हनलं का तो पिशवी भरते." जगदेव बैलाकडे पाहत बोलत होता. "दिवाळी गेली म्हंजे कंपनी दुसरा मानूस पाह्यते. मंग तो इथंच."

"त्याची नोकरी हाय काका."

"हाय नं. म्या कुठं नाही म्हनलं?" त्याने बैलाच्या पाठीवरून अंगठा फिरवला. "त्याची माय गेली तवापासून त्याले इतकं हासताना म्या नाही पाह्यलं. हे असं वाकडंतिकडं पाह्यलं का तो जमिनीवर निजून हासते. बैल नीट झाला तं कायले हासन?"

"पन तुमाले तं वाटते, लोक बैल म्हनून—"

"डायनासोर," जगदेव म्हणाला. तो शब्द त्याने नीट, सावकाश उच्चारला. "शिरपूरच्या आमच्या जावयाच्या फोनात आला होता. खाली लिवलं होतं, आसेगावचा डायनासोर. जावयाले नाही समजलं कोनाचा हात हाय तो. म्या बी नाही सांगतलं. हरीओम वाचते चांगलं. वाचू दे त्याले."

कुंपणाचं फाटक वाजलं. जगदेवने बैलाची मान चिमटीत धरली आणि ओढली. माती ताणली, बारीक झाली, एका बाजूला कलली. शिंगं त्याने अंगठ्याने दाबून टाकली. मग मागचा डावा पाय मोडून घमेल्यात टाकला आणि उजवा हात मांडीवर ठेवून वर उपरणं घेतलं. हे सगळं त्याने इतक्या सहज केलं की तौसीफला आधी झालेलं खरं की आता दिसतं आहे ते खरं, क्षणभर कळेना.

हरीओम तीन कप सांभाळत आत आला. त्याने बाबांपुढचं नवं जनावर पाहिलं आणि चहा सांडायच्या आत कप खाली ठेवले.

"बाबा, हा तं मांगच्यापेक्षा—" त्याला पुढे बोलवेना. तो हसत सुटला. खिशातून फोन काढून तो तिथेच मातीत पालथा पडला, गाल जमिनीला लावला आणि कोन शोधू लागला. "तौसीफभाऊ, जरा सरका. तुमची सावली पडते."

तौसीफ सरकला. जगदेव डाव्या हातात कप धरून, चहा न पिता, पालथ्या पडलेल्या मुलाकडे पाहत होता.

*

बसथांब्यापर्यंत हरीओम सोबत आला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोंगून टाकलेलं सोयाबीन वाळत होतं. तौसीफने चालता चालताच ग्रूपवर लिहिलं, की हरीओमचं काम हातचं आहे, यंत्राचं नाही, आपण स्वतः पाहून आलो, आणि भरल्या ग्रूपमध्ये संशय घेतला त्याची माफी भरल्या ग्रूपमध्येच मागतो. रतनसिंगने लगेच टाळ्या पाठवल्या. निकिताने विचारलं, मग ती जात कोणती निघाली? तौसीफने फोन खिशात टाकला.

"बैलाचं नाही लिवलं नं?" हरीओमने विचारलं.

"नाही."

"लय भार उतरला भाऊ. म्या येऊ नका म्हनलं, त्याचं वाईट वाटून घेऊ नका."

"मले कायचं वाईट वाटते."

थांब्यावर दुसरं कुणी नव्हतं. हरीओम रस्त्याकडे पाहत उभा राहिला. मग त्याने ते विचारलं. बहुधा घरातून निघाल्यापासून ते त्याच्या तोंडाशी होतं.

"तुमची नजर बारीक हाय. तुमाले काय वाटते, दिवाळीवरोक हात येईन का बाबाचा?"

लांब वळणावर बस दिसली. तौसीफने ती जवळ येऊ दिली.

"तू फोटो काढतो तवा जमिनीवर निजलेला असतो," तो म्हणाला. "तुले निस्तं जनावर दिसते. एखादे दिवशी फोन घरात ठेव. ते माती करतात तवा बाजूले बस. त्यायले कळू न देता."

"काहून?"

"बस अन् पाह्य."

हरीओमच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी राहिलं, पण डोळे बदलले. "काय दिसलं तुमाले?"

बस थांबली होती. तौसीफने दांडा धरला आणि पायरीवर पाय ठेवला. "मले तं सगळ्यातच काही ना काही दिसते," तो म्हणाला. "माह्यावर नको जाऊ."

तो मागच्या बाकावर खिडकीशी बसला. बस निघाली तेव्हा हरीओम घराच्या वाटेला लागला होता. तो भराभर चालला होता, जवळजवळ धावतच. पुलापाशी मात्र त्याची चाल मंदावली. तिथून त्यांचं घर अगदी जवळ होतं, अंगणातला लिंबही दिसत होता. हरीओमने तिकडे पाहिलं, आणि घरी न जाता लिंबाकडे पाठ करून तो पुलाच्या कठड्यावर बसला.